खिडकी बंद करा

मोबाइल पालथे घाला. पाण्याच्या बाटल्या बॅगेत. मागच्या बाकावरच्यांना वेगळं आमंत्रण मिळणार नाही. आज नवीन धडा नाही. जो शिकवला होता त्याची तुम्ही काय वाट लावलीत, ते ऐकायचं आहे.

परवाच्या चाचणीतला पाचवा प्रश्न काढा. गाडी मुकुंदवाडीहून जालन्याकडे सरळ रुळावरून सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटर, अशा स्थिर वेगाने चालली आहे. डब्यात एक मुलगा सीटला पाठ लावून बसलाय आणि समोरची 10 किलोची चाकांची बॅग पायाने पुढे लोटतोय, गाडी जाते त्याच दिशेला. बल 10 न्यूटन, अंतर अर्धा मीटर, घर्षण नाही. बॅगेची गतिज ऊर्जा डब्यातल्या माणसाच्या हिशेबाने किती वाढली आणि रुळाशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हिशेबाने किती? आकडेमोड जवळजवळ सगळ्यांची बरोबर आहे. डब्यातून 5 ज्यूल, जमिनीवरून 205. आकडेमोड तुम्हाला येते, तेवढ्यासाठी तर पालक फी भरतात. पण त्याखालचा दोन गुणांचा उपप्रश्न, ‘उत्तरं वेगळी का आली ते स्पष्ट करा’, त्याचं उत्तर वाचून मी लाल पेन खाली ठेवलं.

‘डब्यातल्या माणसाला 5 ज्यूल वाटते, पण खरी वाढ 205 ज्यूल आहे, कारण गाडी खरोखर चालत आहे व जमीन स्थिर आहे.’ वर्गातल्या अर्ध्याअधिक पेपरांत हेच. काही पेपरांत तर अनुस्वारही एकाच जागी विसरलाय. कॉपी केलीत याचं मला तितकं वाईट वाटत नाही. इतकं चुकीचं वाक्य कॉपी करण्याच्या लायकीचं वाटलं, याचं वाटतं.

जमीन स्थिर आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? कुठली जमीन? ही, गारखेड्याची? हा वर्ग विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळपास वीस अंशांवर आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो सेकंदाला सुमारे 437 मीटर वेगाने पूर्वेकडे चाललाय. सूर्याभोवती आपण सगळे सेकंदाला जवळपास 30 किलोमीटर धावतोय. आणि सूर्य स्वतः आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला दोनशेहून जास्त किलोमीटर वेगाने निघालाय, आपल्याला बरोबर घेऊन. आता तीच बॅग सूर्यावरून पाहा. दिशा जुळून आली, तर बॅगेच्या ऊर्जेतली वाढ तीन लाख ज्यूलच्या घरात जाते. मग खरी कोणती? पाच, दोनशे पाच की तीन लाख? रुळाशेजारच्या माणसाला तुम्ही न्यायाधीश केलंत, कारण तो तुमच्यासारखा जमिनीवर उभा आहे. शिवाजीनगरच्या रेल्वे गेटवर ताटकळण्यात तुमच्यातल्या निम्म्यांचं बालपण गेलं. गाडीकडे नेहमी बाहेरूनच बघितलं, म्हणून बाहेरचा माणूस खरा वाटायला लागला. याला भौतिकशास्त्र म्हणत नाहीत.

हसू नका. उरलेल्या निम्म्यांची पाळी आहे आता. तुम्ही लिहिलंय, ‘सर्व काही सापेक्ष असते, प्रत्येकाचे उत्तर त्याच्या दृष्टीने बरोबर.’ हे त्याहून वाईट. पहिल्यांनी निदान एक चुकीची बाजू तरी घेतली. तुम्ही लग्नाच्या वाटाघाटीतल्या मामासारखं सगळ्यांना खूश करून मोकळे झालात. ज्याचं त्याचं बरोबर असेल, तर चाचणी घ्यायची कशाला? मीही म्हणते, माझ्या दृष्टीने तुम्हाला शून्य.

दोघांच्या हिशेबात काय सारखं आहे, ते एकालाही बघावंसं वाटलं नाही. बॅगेचं वस्तुमान दोघांनाही 10 किलो. बल 10 न्यूटन. त्वरण दोघांच्याही मोजणीत सेकंदाला सेकंदामागे 1 मीटर. वेळ दोघांच्या घड्याळात एक सेकंद. फरक आहे तो वेगात, कापलेल्या अंतरात आणि म्हणून कार्यात आणि ऊर्जेत. डब्यातला म्हणतो, बॅग अर्धा मीटर सरकली, 10 गुणिले अर्धा, कार्य 5 ज्यूल, आणि गतिज ऊर्जाही 5 ज्यूलनेच वाढली. बाहेरचा म्हणतो, बॅग साडेवीस मीटर सरकली, कार्य 205 ज्यूल, वेग 20 वरून 21 झाला आणि ऊर्जा 205 नेच वाढली. आकडे वेगळे आहेत, पण कार्य-ऊर्जा प्रमेय दोन्हीकडे पैशापैशाला जुळतं. जडत्वीय, म्हणजे न वळणाऱ्या आणि वेग न बदलणाऱ्या, संदर्भ चौकटी समतुल्य आहेत म्हणतात ते हेच. दोन निरीक्षकांचे आकडे जुळले पाहिजेत असं निसर्गाने कुठेही लिहून दिलेलं नाही. नियम जुळतात. एकाच नियमाच्या दोन्ही बाजूंना ज्याने त्याने स्वतःचे आकडे घातले, की दोघांचाही ताळा येतो, आणि कोणाचा ताळा जास्त चांगला येतो असं नसतं.

मग बाहेरच्या माणसाच्या हिशेबातले वरचे 200 ज्यूल कुठून आले? हा प्रश्न तुम्ही विचारायला हवा होता. पोराच्या पायात तर 5 ज्यूलचंच काम झालंय, त्याला घामही आला नसेल. सीट बघा. प्रश्नात ‘सीटला पाठ लावून’ हे शब्द मी शोभेसाठी घातले नव्हते. पोरगं बॅगेला 10 न्यूटनने पुढे लोटतं, तर सीटच्या पाठीला 10 न्यूटनने मागे दाबतं, नाहीतर ते स्वतःच मागे गेलं असतं. उलट सीट त्याला 10 न्यूटनने पुढे रेटते, आणि त्या एका सेकंदात, बाहेरच्याच्या हिशेबाने, सीट 20 मीटर पुढे गेली आहे. दहा गुणिले वीस, 200 ज्यूल. ते गाडीकडून पोरात आले आणि पोराच्या पायातून बॅगेत गेले. गाडीचा वेग कायम राहावा म्हणून इंजिनाने ते भरून दिले. दोनशे इंजिनाचे, पाच पायाचे. डब्यातल्या माणसाच्या हिशेबात सीट हललीच नाही, म्हणून सीटचं कार्य शून्य, आणि पायाचे पाच तिथेही पाचच. पोराच्या स्नायूंनी किती ऊर्जा खर्ची घातली, याबद्दल दोघांत अजिबात मतभेद नाही. ही खरी गंमत होती प्रश्नातली, आणि तुम्ही तिच्यावरून चालत गेलात.

इंजिनाचं नाव काढलं की पहिल्या बाकावरून हात वर येणार, ठाऊक आहे. ‘मॅडम, इंजिन वीज खातं ना! म्हणजे गाडीच चालते, जमीन नाही.’ हात खाली घे आणि सांग, सपाट सरळ रुळावर स्थिर वेगाने जाणाऱ्या गाडीवर निव्वळ बल किती? शून्य. मग वीज कशाला लागते? हवा अडवते, चाकं आणि रूळ अडवतात. हवा आणि रूळ दोन्ही जमिनीच्या पक्षाचे. तोच हिशेब डब्यात बसून मांड. गाडी उभी आहे, हवा समोरून ताशी 72 ने अंगावर येते, रूळ खालून त्याच वेगाने मागे सरकतायत आणि गाडीला बरोबर ओढून नेऊ पाहतायत. इंजिन तिला जागच्या जागी धरून ठेवतं. वीज तितकीच लागते. जिममध्ये ट्रेडमिलवर तासभर पळून तू भिंतीच्या जवळ एक वीतही जात नाहीस, तरी घाम येतोच ना? घाम आला म्हणून तू ‘खरोखर’ पुढे गेलास असं कोणी म्हणत नाही. विजेच्या बिलावरून कोण हलतंय ते ठरत नाही. बिल घर्षणाचं आहे, गतीचं नाही. घर्षण काढा, गाडी आपोआप चालत राहील, आणि मग कोण चाललं हे विचारायला तुमच्याकडे बिलाचाही आधार उरणार नाही.

आता देशभक्तांकडे येऊ. काही उत्तरांच्या शेवटी एक ओळ जोडली आहे, की हे सगळं आर्यभटांनी गॅलिलिओच्या अकराशे वर्षं आधी सांगून ठेवलंय. फॉरवर्ड आलेला दिसतो. दोन गुण त्यावर मिळतील अशी आशा होती वाटतं. आर्यभटांचा मला तुमच्याइतकाच अभिमान आहे, किंबहुना थोडा जास्त, कारण त्यांनी काय म्हटलं ते मी वाचलंय. इ.स. 499 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी लिहिलेल्या ‘आर्यभटीया’त ते म्हणतात, की नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे आकाश नव्हे, पृथ्वी फिरते. त्या काळात हे लिहायला छाती लागते. पण नीट ऐका. हे विधान दिसण्याबद्दल आहे. नावेतल्याला काठ कसा दिसतो, याबद्दल आहे. तुम्हालाही हे माहीत आहे. आपला मनमाडचा मार्ग वर्षानुवर्षं एकेरी. लासूरला, रोटेगावला गाडी क्रॉसिंगसाठी उभी राहते, शेजारची हलते आणि आपलीच निघाली असं वाटून आजी पिशव्या सावरते. तेवढ्याला सापेक्षता म्हणायचं, तर आजीलाही पैकीच्या पैकी द्यावे लागतील. खिडकीतून बाहेर बघून जे कळतं, त्याचा आणि आजच्या धड्याचा संबंध फार थोडा आहे.

खिडकी बंद करा. पडदा ओढा. बाहेरचं काही दिसत नाही, गाडी सरळ आणि एकसारखी चालली आहे, खडखड नाही, हिसका नाही. आता डब्याच्या आत कोणताही यांत्रिक प्रयोग करा. चेंडू वर फेका, लंबक हलवा, बॅग ढकला, दोन गोळ्यांची टक्कर करून संवेग मोजा. गाडी उभी आहे की चालली आहे, ते त्या प्रयोगातून शोधून दाखवा. दाखवता येणार नाही. दोन चौकटींचं समतुल्यत्व हे आहे. हे दिसण्याबद्दल नाही, घडण्याबद्दल आहे. आणि हा दुसरा अर्धा भाग आर्यभटांच्या नावेत नव्हता.

तो नव्हता, हे त्यांच्यानंतरच्या लोकांनी बरोबर हेरलं, आणि मला राग आहे तो इथे. सहाव्या शतकात वराहमिहिरांनी ‘पंचसिद्धांतिके’त विचारलं, की पृथ्वी फिरत असेल, तर आकाशात गेलेली घार आपल्या घरट्याशी परत कशी येते? आणि ध्वज सतत पश्चिमेकडेच का फडकत नाहीत? पुढे लल्लाचार्यांनी विचारलं, सरळ वर सोडलेला बाण पश्चिमेला का पडत नाही? ब्रह्मगुप्तांनी 628 साली आर्यभटांवर टीका केली. आणि आपल्या इथून कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगाव, तिथून जवळ पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख तिथल्या देवळात सापडला, भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. त्या भास्कराचार्यांनी 1150 साली, छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यातही पृथ्वी अचलच आहे. ही माणसं मूर्ख होती असं समजून तुम्ही मनात हसताय. ती तुमच्यापेक्षा शहाणी होती. समोर एक दावा आला, तर तो खरा असल्यास घारीचं काय होईल, असं विचारण्याइतका त्यांनी तो मनावर घेतला. तुम्ही पहिलीपासून ‘पृथ्वी स्वतःभोवती फिरते’ घोकताय. घरट्याचा प्रश्न एकदाही पडला नाही. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत इतके झेंडे बघता, ते पश्चिमेकडेच का उडत नाहीत असं एकाने तरी विचारलंत का? उत्तर माहीत असणं आणि प्रश्न पडून उत्तराला पोचणं यात फरक आहे, आणि चाचणीत मी दुसरं तपासते.

‘हवा पण पृथ्वीबरोबर फिरते, मॅडम.’ आलं उत्तर. झेंड्यापुरतं चालेल. घारीलाही थोडंफार लागू पडेल. दगडाचं काय? दौलताबादचा चाँद मिनार सगळ्यांनी पाहिलाय. उंची 60 मीटर धरा. वरून दगड सोडला, तर खाली यायला साडेतीन सेकंद. तेवढ्यात मिनाराचा पाया पूर्वेकडे दीड किलोमीटर गेलेला असतो. वराहमिहिरांच्या तर्काने दगड शोधायला दीड किलोमीटर पश्चिमेला जावं लागेल. हवेने साडेतीन सेकंदांत दगड दीड किलोमीटर ओढत नेला म्हणता? अशी हवा सुटली तर आधी मिनार पडेल. दगड पायथ्याशी पडतो, कारण हातातून सुटला तेव्हाच त्याच्याकडे तो 437 मीटरचा वेग होता. तो काढून घेणारं कोणी नव्हतं, म्हणून तो त्याच्याकडेच राहिला. हवा असो वा नसो. जडत्व ते हेच. न्यूटनचा पहिला नियम तुम्ही झोपेतही म्हणाल, पण दगडाला लावून बघायचं सुचलं नाही.

हे धडधडीत मांडलं गॅलिलिओने. 1632 साली, ‘संवाद’ या ग्रंथात. मित्राला घेऊन मोठ्या जहाजाच्या तळातल्या खोलीत स्वतःला कोंडून घ्या म्हणतो. बरोबर फुलपाखरं घ्या, भांड्यात मासे घ्या, थेंब थेंब गळणारी बाटली टांगा. जहाज उभं असताना सगळं नीट पाहून ठेवा. मग जहाज हवं तेवढ्या वेगाने चालू द्या, फक्त वेग एकसारखा हवा आणि हेलकावे नकोत. फुलपाखरं मागच्या भिंतीला जाऊन चिकटत नाहीत, थेंब खालच्याच भांड्यात पडतो, तुमची उडी पुढे आणि मागे तेवढीच जाते. घारीचं उत्तर त्या फुलपाखरांनी दिलं. आठ वर्षांनी, 1640 मध्ये, गासेंदी नावाच्या माणसाने मार्सेयजवळ चालत्या वल्हवी जहाजाच्या डोलकाठीवरून गोळा खाली सोडून बघितला. डोलकाठीच्या बुडाशीच पडला. तुमच्यातले काही जण चिकलठाण्याहून विमानाने मुंबईला जाऊन आलेत. वरती चहा कपात ओतताना तो मागच्या प्रवाशाच्या अंगावर उडाला का? नाही. कपात पडला. तुम्ही प्यायलात, रील टाकलीत आणि उतरलात.

आता दुसरी चूक, ही जरा महागात पडणारी, म्हणून मी इथे थांबणार आहे. समतुल्य असतात त्या जडत्वीय चौकटी. सगळ्या चौकटी नव्हेत. सूतगिरणी चौकात रिक्षा झटकन वळते आणि तुम्ही शेजारच्याच्या अंगावर कलंडता, तेव्हा डोळे मिटलेले असले तरी वळण कळतं. ब्रेक लागला तर कळतं. गाडी स्टेशनातून निघताना हिसका बसतो तोही कळतो. एकसारखा वेग आत बसून कळत नाही, वेगातला बदल कळतो. एवढं वाक्य लिहून ठेवलं असतं, तर सातव्या प्रश्नात रिक्षात बसलेल्याला बाहेर ढकलणारं बल काढून त्याची प्रतिक्रिया म्हणून रिक्षाचा दांडा दाखवला नसता. तुम्ही ज्याला सूडो फोर्स म्हणता, त्याला तिसऱ्या नियमाचा जोडीदार नसतो. तो कोण लावतं? कोणीच नाही. चौकट वळली, तुम्ही सरळ जात होतात, एवढंच झालं. रस्त्यावर उभं राहून बघितलं, तर दांडाच तुम्हाला आत ढकलतोय. वळत्या चौकटीत बसूनच गणित करायचं असेल, तर तो खोटा जमाखर्च धरावा लागतो. हरकत नाही, जरूर धरा. पण तो खोटा आहे हे लक्षात ठेवून.

मग तुम्ही म्हणाल, पृथ्वी तर फिरते, म्हणजे आपली चौकटही वळतीच. हे विचारलं असतंत तर मी आज इतकी चिडले नसते. हो, वळती आहे. पण किती? सूर्याभोवती आपण एका सेकंदात 30 किलोमीटर जातो आणि तेवढ्यात वाट सरळ रेषेपासून ढळते फक्त 3 मिलिमीटर. तीस किलोमीटर, तीन मिलिमीटर. स्वतःभोवतीच्या फिरण्यात, आपल्या अक्षांशावर, सेकंदाला 437 मीटर जाताना दीडेक सेंटिमीटर ढळतो. म्हणजे जवळपास सरळच. म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेत जमीन जडत्वीय धरून चालतं. ती सोय आहे, सत्य म्हणून घोकायची गोष्ट नाही. आणि ही सोय कुठे तुटते तेही सांगते. चाँद मिनारावरचा तो दगड बरोबर ओळंब्याखाली पडत नाही. वारा नसेल आणि हिशेब काटेकोर केला, तर तो साधारण एक सेंटिमीटर सरकलेला असतो, आणि तोही पश्चिमेला नाही, पूर्वेला! वरचं टोक अक्षापासून लांब, म्हणून पायथ्यापेक्षा किंचित जास्त वेगाने पूर्वेकडे चाललेलं. वराहमिहिरांना दीड किलोमीटर पश्चिम अपेक्षित होती, निसर्गाने एक सेंटिमीटर पूर्व दिली.

फूको नावाच्या शास्त्रज्ञाने 1851 साली पॅरिसमध्ये लांब लंबक टांगून पृथ्वीचं हे वळण खोलीच्या आत, खिडकी न उघडता, दाखवलं. आपल्या शहरात असा लंबक टांगला, तर त्याच्या डोलण्याची दिशा पूर्ण फेरी मारायला सुमारे 70 तास घेईल. बघायचा असेल तर पुण्यात आयुका या संशोधन संस्थेत आहे. आठवतंय का आयुका? सहल गेली होती. तिथल्या कुंडापाशी आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन असे चार पुतळे आहेत. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी ती वास्तू रचली. तुम्ही चौघांबरोबर सेल्फी काढलेत आणि जेवण कधी म्हणून विचारलंत. या चौघांनाच का बसवलं असेल, एवढं विचारलं असतं तर आजचा तास वाचला असता.

त्यातल्या न्यूटनबद्दल थोडं बोलते, कारण तुमच्यातल्या दोघीतिघींनी लिहिलंय की ‘न्यूटनच्या मते अवकाश स्थिर आहे म्हणून गाडीची गती खरी.’ पोरींनो, निदान काही वाचून लिहिलंत, त्याचा अर्धा गुण. न्यूटन निरपेक्ष अवकाश मानत होता, खरं आहे. पण 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’त गतीच्या नियमांपाठोपाठ पाचवं उपप्रमेय आहे. एखाद्या अवकाशातल्या वस्तूंच्या आपसातल्या हालचाली, ते अवकाश स्थिर असो की एकसारख्या वेगाने सरळ जात असो, सारख्याच राहतात. म्हणजे त्याने घरात एक खोली बांधली आणि तिला दारच ठेवलं नाही. आहे म्हणायची, पण आत जाऊन आलेला कोणी नाही. गाडी त्या निरपेक्ष अवकाशात किती वेगाने चालली आहे, हे त्याचेच नियम कधी सांगू शकत नाहीत. ती खोली पाडून नियम तसेच ठेवता येतात, हे पुढच्या लोकांना कळायला दोनशे वर्षं लागली. जडत्वीय प्रणाली हा शब्द लुडविग लांगे याने 1885 मध्ये वापरात आणला आणि निरपेक्ष अवकाशाशिवाय काम भागवलं. त्याच सुमाराला माख नावाचा शास्त्रज्ञ विचारत होता, की वळणं तरी कशाच्या संदर्भात? सगळ्या विश्वात एकच रिक्षा असती, तर वळताना कोणी कलंडलं असतं का? या प्रश्नाशी आपला एक माणूस आयुष्यभर झुंजला. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. 1964 साली फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा एक सिद्धान्त मांडला. त्यात एखाद्या वस्तूचं जडत्व विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तूंमुळे येतं. तो सिद्धान्त सर्वमान्य झाला नाही, पण प्रश्न अजून जिवंत आहे. आयुका उभी करणारे तेच. 2025 च्या मे महिन्यात गेले, सनावळी नीट लिहा. त्यांच्या विज्ञानकथा तुमच्या आईवडिलांनी वाचल्या असतील. तुम्ही त्यांच्या नावाने परीक्षेत एक गुणाचा प्रश्न येईल का, एवढंच विचारता.

आइन्स्टाइनने 1905 मध्ये प्रकाशालाही याच नियमाखाली आणलं आणि मग वेळ व अंतर यांचे हिशेबही बदलले. ते आज नाही. ज्यांना 5 आणि 205 मधला संबंध सांगता येत नाही, त्यांनी प्रकाशाच्या वेगाला हात लावू नये. हसताय काय? बारावीतल्या दादाने तुला ‘टाइम डायलेशन’ सांगितलं असेल. त्याला आधी सीटच्या पाठीचं कार्य विचार.

आता काम. पाचवा प्रश्न सगळ्यांनी पुन्हा लिहायचा, ज्यांना पूर्ण गुण मिळालेत त्यांनीही, कारण त्यांचंही स्पष्टीकरण उसनं आहे. या वेळी तिसरा निरीक्षक घ्या. जालना रोडवरून, रुळाला समांतर, गाडीच्याच दिशेने सेकंदाला 30 मीटर वेगाने एक कार चालली आहे. ताशी 108 होतात, पोलीस अडवतील ते सोडा. तिच्यात बसलेल्याच्या हिशेबाने गाडी मागे पडतेय. बॅगेचा वेग उणे 10 वरून उणे 9 झालाय. बॅगेवरचं कार्य काढा, उणे 95 ज्यूल येईल. पोराने बॅग पुढे ढकलली आणि तिची ऊर्जा कमी झाली! उत्तर उणे आलं म्हणून खोडाखोड करून अधिक करू नका, मला कळतं. ते 95 ज्यूल बॅगेतून कुठे गेले, पोराच्या पायाचे 5 कुठे गेले आणि सीटमधून इंजिनाला काय मिळालं, हा सगळा हिशेब एका पानावर, स्वतःच्या शब्दांत. गुरुवारी सकाळी वही टेबलावर. ज्याचा जमाखर्च जुळत नाही त्याने पुन्हा सीटकडे बघावं. जुळेपर्यंत मला फोन करू नका, आणि आईवडिलांनाही करायला लावू नका.